दुधाळ ऑइल घेऊन कात्रजला

आमच्या ओळखीतले निवृत्त लोक हल्ली व्हिएतनामला जातात, आल्यावर गच्चीवर सगळ्यांना बोलावून फोटो दाखवतात आणि वर साबुदाण्याची खिचडी देतात. मी खडकीहून कात्रजला गेले आणि तिथून घाट ओलांडून थोडी पुढे. फोटो नाहीत, खिचडीही मिळणार नाही. पण पुण्यातल्या पुण्यात जे पाहिलं ते तिकडे दिसलं नसतं, म्हणून लिहिते आहे. ज्यांना गोड शेवट लागतो त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

खडकी

मी विज्ञानाची शिक्षिका. निवृत्त झाले, पण आमच्या शिक्षणसंस्थेच्या एका गाडीतून काही निवृत्त झाले नाही. 'फिरती प्रयोगशाळा' असं तिच्या अंगावर निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. मूळचा जुना ट्रक. मागच्या हौद्यावर पत्र्याची बंद खोली बांधलेली, आत सूक्ष्मदर्शक, भिंगं, लोलक, दुर्बीण आणि एक प्लास्टिकचा हाडांचा सापळा. ज्या गावांतल्या शाळांना प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं कपाट एवढंच माहीत, तिथे ही गाडी जायची. गाडी चालवायचे गुलाबराव. मूळ वाशीमकडचे, पण पुण्यात इतकी वर्षं काढली की आता तेही आमच्यासारखे थोडक्यात आणि तिरकं बोलतात. फार जीवाला लागलं तरच त्यांचं वऱ्हाडी बाहेर येतं.

साथीच्या वर्षी फेऱ्या थांबल्या त्या थांबल्याच. आमचे कार्यवाह लिमये यांचं म्हणणं असं, की "बाई, आता मुलांना सगळं स्क्रीनवर दिसतं." दिसतं, खरं आहे. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी स्क्रीनवर फार छान दिसतात. फक्त कांदा सोलावा लागत नाही, हाताला वास येत नाही आणि भिंगाचा स्क्रू फिरवताना अचानक धूसरपणातून विटांची भिंत उभी राहावी तशी ती रचना दिसली की मुलाच्या तोंडून जो "आयला!" निघतो, तो निघत नाही. हे लिमयांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "आपला मुद्दा नोंदवला आहे."

गाडी मात्र विकली नाही. उलट तिच्यासाठी परिपत्रक निघालं: वाहन सुस्थितीत राहावे म्हणून दररोज चालू करावे, मात्र आवाराबाहेर नेऊ नये. डिझेलची बचत आणि गाडीची काळजी, एका दगडात दोन पक्षी. गुलाबराव हे अगदी निष्ठेनं करायचे. सकाळी यायचे, डॅशबोर्डवरच्या देवीला उदबत्ती लावायचे, गाडी चालू करायचे आणि शेजारी उभं राहून चहा प्यायचे. चहा संपला की गाडी बंद. उन्हाळा असो, पाऊस असो, त्यांनी हे कधी चुकवलं नाही. लग्नाच्या बायकोची कुणी इतकी विचारपूस करत नाही.

पाऊस संपत आला तेव्हा एक दिवस ते माझ्या दाराशी आले. मी खडकीतच राहते, यजमान दारूगोळा कारखान्यात होते तेव्हापासून. गुलाबराव एरवी दारातूनच ओरडून बोलतात. त्या दिवशी हळू आवाजात म्हणाले, "बाई, जरा येता का?"

इंजिनात ऑइल ओततात त्या तोंडाचं झाकण त्यांनी उघडून दाखवलं. आतून त्याला दुधी, तपकिरी रंगाचं काहीतरी चिकटलं होतं. चहाच्या पातेल्यावर साय धरते ना, तसं. ऑइलची पातळी पाहायची सळई काढली, तिलाही वरच्या अंगाला तेच.

"ऑइलमध्ये पाणी गेलं," गुलाबराव म्हणाले. "म्हणजे संपलं."

ड्रायव्हर लोकांत ही समजूत पक्की आहे. ऑइल दुधाळ झालं म्हणजे इंजिन आतून फुटलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी ऑइलमध्ये मिसळायला लागलं. लिमयांनी त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक बोलावला. तो मोटारसायकलवरून आला, झाकणात बोट घातलं, बोट चड्डीला पुसलं, "हेड गेलं, लायनर गेले, उघडण्यात अर्थ नाही," म्हणाला आणि निघून गेला. इंजिनाला त्यानं हातसुद्धा लावला नव्हता. शनिवारच्या बैठकीत गाडी भंगारात द्यायचं ठरवू, असं लिमयांनी लगेच सांगून टाकलं.

मी गुलाबरावांना विचारलं, "रेडिएटरमधलं पाणी किती उतरलंय?"

"उतरलं नाही. पावसाळाभर एक थेंब घातला नाही मी."

मग ऑइलमधलं पाणी आलं कुठून? सातवीतलं पोरसुद्धा हा प्रश्न विचारेल. एका भांड्यातलं पाणी दुसऱ्या भांड्यात गेलं म्हणता, तर पहिल्या भांड्यात ते कमी व्हायला नको? मी लिमयांकडे गेले.

"अहो बाई, पाणी कुठून आलं ते आपण शोधत बसायचं का आता?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. शनिवारपर्यंत मुदत दिली. खर्च आणि जबाबदारी माझी. आणि जाता जाता म्हणाले, "चांगली निघाली तर फेऱ्यांचंही बघू." मी त्या एका वाक्यावर इतकी हुरळून गेले की विचारू नका. पुण्यात 'बघू'चा अर्थ काय असतो हे पुण्यात जन्मलेल्या बाईला दुसऱ्यानं सांगायला नको होतं.

स्वारगेटपर्यंत

कात्रजचे शेलार मिस्त्री या गाडीचे जुने वैद्य, म्हणून त्यांच्याकडे जायचं ठरलं. निघण्याआधी गुलाबरावांनी खालचा नट सैल करून तळाला बसलेलं पाणी सोडून दिलं. आधी थोडं गढूळ पाणी आलं आणि मग काळंभोर ऑइल. ते पाहून मला बरं वाटलं. सगळंच दुधाळ असतं तर नट उघडल्याबरोबर दूधच आलं असतं.

अवजड गाड्यांना शहरात सकाळी ठरावीक वेळेनंतर बंदी, म्हणून उजाडता उजाडता निघालो. मी त्या गाडीतून आयुष्यभर फिरले, पण ते गावांकडे. शहराच्या पोटातून ट्रकच्या उंचीवरून मी कधी गेले नव्हते. स्कूटरवरून जे पुणे माणसाला चिरडायला उठतं, तेच ट्रकमधून पायाशी लोळण घेतं. शिवाजीनगरला मेट्रोचे खांब डोळ्यांच्या रेषेत आले. दुभाजकावरच्या कुंड्यांत झाडं कमी आणि वाढदिवसाचे फलक जास्त, हे रोज दिसतंच, पण वरून ते सगळे दादा, भाऊ, अण्णा एकदम दिसतात आणि सगळे एकाच दिशेला बोट दाखवत असतात. त्या दिशेला काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

गुलाबराव गाडी गोंजारत चालवत होते. मी पुन्हा पुन्हा डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बघत होते. इंजिन आतून फुटलं असेल तर ते तापायला हवं. काटा तळाला निजून होता.

"आपल्या गाडीचा काटा कधी वर जात नाही," गुलाबराव अभिमानानं म्हणाले. "थंड गाडी आहे."

मलाही ते ऐकून आनंद झाला. विज्ञानाची शिक्षिका असून माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही, कारण आपल्याला हवं ते दिसत असलं की कुणी प्रश्न विचारत नाही.

स्वारगेटच्या चौकात मात्र अडकलो. एसटी स्टँडमधून बाहेर पडणाऱ्या गाड्या, रिक्षा, पुलाखालचे पाण्याचे टँकर, सगळे एकमेकांच्या अंगावर. सुटेपर्यंत बंदीची वेळ उलटून गेली आणि वाहतूक पोलिसानं बाजूला घ्यायला लावलं.

"मागे काय आहे?"

"प्रयोगशाळा," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की या वयात ही बाई काय काय करते. मग मागचं दार उघडलं. शिवाजीनगरच्या गतिरोधकावर सापळ्याची साखळी सुटली असावी, कारण दार उघडताच तो हात पसरून त्या बिचाऱ्याच्या छातीवर आला. पोलीस दोन पावलं मागे सरला. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "साहेब, चलन याच्या नावावर फाडा. लायसन बघून घ्या फक्त." पोलिसाला हसू आवरेना. त्यानं सापळा स्वतःच उचलून आत ठेवला, त्याचा हात नीट दुमडला आणि विचारलं, "हे शाळेत दाखवता का? आमच्या गावच्या शाळेत नव्हतं काही असं." आम्हाला सोडून दिलं. मी तेव्हा मनात म्हटलं, फेऱ्या सुरू झाल्या की याच्या गावाचं नाव विचारून घ्यायचं.

कात्रज

शेलार मिस्त्रींचं गॅरेज साताऱ्याच्या रस्त्यावरून आत, डेअरीच्या पलीकडे आहे. एके काळी ते गावाबाहेरचं शेत होतं. आता चारी बाजूंनी इमारती आल्या आहेत आणि सोसायटीची माणसं गॅलरीत उभी राहून 'इथे गॅरेजचा आवाज होतो' अशी तक्रार करतात. गॅरेज त्यांच्या आधीपासून इथे आहे, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून देण्याचा शेलारांना भयंकर उत्साह.

माणूस बोलघेवडा आणि गर्विष्ठ. मी गाडीतून उतरतेय तोवर त्यांनी निकाल दिलासुद्धा. "हेड ग्यास्केट हाय बाई. वास आला मला."

"मिस्त्री, रेडिएटरचं पाणी कमी झालेलं नाही."

"न्हाई? मग लायनरचं रबर आसंल."

"पाणी कमी झालेलं नाही म्हणते मी. अजिबात."

ते थबकले. एवढं खरं, की त्यांना त्यांचं चुकलेलं आवडत नाही, पण चुकलेलं तपासून पाहायला ते घाबरत नाहीत. लिमयांत आणि त्यांच्यात हा मोठा फरक आहे. त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला, पंपानं आत हवेचा दाब दिला, इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं काढलं आणि खाली जमिनीवर कोरडी वर्तमानपत्रं पसरली. "कुठूनबी फुटलं आसंल तर पाणी रातभर खाली गळतंय. सकाळी कागूद बघायचा. तोवर काय कराल? जेवा."

आमच्याकडे पाहुण्याला 'जेवून आलात का?' असं विचारतात आणि पाहुणा शहाणा असला तर 'हो' म्हणतो. इथे कुणी विचारलंच नाही. मिस्त्रींच्या मंडळींनी, मंगलताईंनी, गॅरेजमागच्या घरात ताट वाढून ठेवलं होतं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात, आणि असा ठेचा की पहिल्या घासाला मला माझे कै. यजमान दिसले. मी पाणी मागितलं तर त्या म्हणाल्या, "पाणी नगा पिऊ, दूध घ्या, ल्हवकर शांत हुतं." माझ्यासारख्या बाईला परक्याच्या घरी मुक्काम करायचा म्हणजे फार अवघड वाटतं. पण खडकीला परत जाऊन सकाळी पुन्हा यायचं म्हटलं तर त्या रागावल्या. मी राहिले. नातेवाइकांकडेसुद्धा मला इतकी शांत झोप लागलेली नाही.

सकाळी शेलार हातात वर्तमानपत्र घेऊनच आले. "वाळलेला हाय."

ओलाव्याचा एक ठिपकाही नव्हता. म्हणजे इंजिन कुठेही फुटलेलं नव्हतं. मला तिथल्या तिथे टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण मग पाणी? ऑइलमध्ये पाणी होतं हे तर खरंच. मिस्त्रींनी पत्रा तापवून त्यावर जुन्या ऑइलचा थेंब टाकला तर फोडणीत ओला कढीपत्ता पडावा तसा तो तडतडला.

शेलार बाजेवर बसले. विडी पेटवली. "गुलाबराव, गाडी हिंडती किती?"

"हिंडत नाही. रोज चालू करतो."

"चालू करून?"

"चहा होईपर्यंत ठेवतो. मग बंद."

मिस्त्रींनी विडी खाली ठेवली. उठून इंजिनाकडे गेले, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असलेलं झाकण सोडवलं आणि आत बोट घालून पाहिलं. तिथे एक झडप असते. इंजिन पुरेसं तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते, तापलं की सोडते. ती जागा रिकामी होती.

"वाल कुठाय?"

"तुम्हीच काढला होता, मिस्त्री," गुलाबराव म्हणाले. "वरंध्याच्या घाटात गाडी तापली होती, तेव्हा. वाल काढून टाकला की तापायची भानगडच नाही, म्हणाला होतात."

"मग? तवा गाडी घाट चढायची. समदेच काढत्यात. नवी गाडी आली की पयला वाल काढत्यात लोक." त्यांना थोडं लागलेलं दिसलं, म्हणून आवाज चढवला. "पर हिंडणाऱ्या गाडीचा काढायचा, उभ्या गाडीचा न्हाई."

तेव्हा मला ते उमगलं, आणि पुढचं मी सांगितलं, कारण एवढं तरी मला यायलाच हवं. इंजिन चाललं की आत वाफ तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती वाफ बाहेर निघून जाते. तापलंच नाही तर गार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसं, आणि ते पाणी ऑइलमध्ये घुसळून त्याचं ताक होतं. झडप नाही म्हणून इंजिन तापायला आधीच वेळ लागायचा, त्यात चहापुरतं चालू करून बंद. पावसाची हवा दमट. रोज थोडं पाणी, रोज थोडं पाणी. गाडीला रोग झालेला नव्हता. तिला रोज उठवून, जागं करून, अंग गरम व्हायच्या आत पुन्हा निजवलं जात होतं. परिपत्रकानुसार.

शेलार हसले. "म्हंजे काळजी घेऊन घेऊन मारली की!"

गुलाबराव हसले नाहीत. पान्ह्यांच्या फळीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडेच बघत म्हणाले, "मंग म्याच खराब केली का तिले? रोज उदबत्ती लावू लावू?"

मला त्या क्षणी त्या परिपत्रकावर सही करणाऱ्या माणसाचा इतका राग आला की काय सांगू. "तुम्ही नाही," मी म्हटलं. "तुम्हाला सांगितलं ते तुम्ही केलंत." पण ज्यानं प्रेमानं केलं त्याला असल्या वाक्यानं समाधान होत नाही. मंगलताईंनी त्यांना चहा आणून दिला तर त्यांनी तो घेतला नाही.

घाटापलीकडे

औषध सोपं होतं. नवं ऑइल, नवा फिल्टर, नवी झडप. आणि शेलार म्हणाले, "आता हिला घाटात घाला. ताणा चांगली. काटा मधी आला पायजेल. कुठं जायचं ते तुमी बघा, पर लांब जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवा बोगदा टाळून जुन्या कात्रज घाटानं निघालो. पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवे, कडेला सोनकीची पिवळी फुलं. मागे वळून पाहिलं तर सगळं पुणे खाली धुरकटलेलं, आणि त्या सगळ्या इमारतींच्या अंगावर उन्हाचे तुकडे. चढावर गाडी कण्हत होती, आणि डॅशबोर्डवरचा काटा, जो मी कित्येक वर्षांत हललेला पाहिला नव्हता, तो हळूहळू उठला. आधी थरथरला, मग वर सरकत मध्यावर येऊन थांबला. गुलाबरावांनी कालपासून तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला आणि म्हणाले, "तापली!" आयुष्यभर गाडी तापू नये म्हणून देवाला हात जोडणाऱ्या माणसाला गाडी तापली म्हणून आनंद झालेला मी पाहिला.

जुन्या बोगद्यातून पलीकडे उतरलो, खेड शिवापूरला कांदाभजी खाल्ली. भजी गार होती आणि चटणीत साखर होती, पण त्या दिवशी तक्रार करायची इच्छा झाली नाही. तिथून भोरच्या बाजूला एक शाळा आहे. दोन वर्गखोल्या, एक गुरुजी. आम्ही तिथे पूर्वी दरवर्षी जायचो. इतकं लांब आलोच आहोत तर डोकावू, असं गुलाबराव म्हणाले. खरं म्हणजे आम्हा दोघांच्याही मनात घाट चढायच्या आधीपासून तेच होतं.

निळी अक्षरं फाटकातून दिसताच मुलं बाहेर आली. मोठ्या मुलांना गाडी आठवत होती, लहानांनी फक्त ऐकलं होतं. गुरुजींचं नाव मोरे. ते धावत आले, "बाई, तुम्ही येणार असं कळवायचं की! मी काही तयारी केली असती." मी म्हटलं, तयारी आमच्या गाडीत आहे. कांदा त्यांच्याच माध्यान्ह भोजनाच्या खोलीतून मागवला. सूक्ष्मदर्शकाच्या आरशाला बुरशी धरली होती, ती पदरानं पुसली. एक मुलगी, नाव कोमल, डोळा लावून बराच वेळ बघत राहिली. मागची मुलं ढकलायला लागली तरी हलेना. मी विचारलं, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "घरं. एकाला एक लागून. माणसं नाहीत." मी तिला सांगितलं की प्रत्येक घरात एक ठिपका शोध. तिनं शोधला. मग मागच्या मुलाला हाताला धरून पुढे ओढलं आणि तोच ठिपका दाखवला.

बाहेर गुलाबरावांनी मुलांच्या घोळक्यात बॉनेट उघडलं होतं. फडक्यानं धरून झाकण काढलं. साय नव्हती. झाकण आतून काळं, चकचकीत, जसं असायला हवं तसं. "बघा," ते मुलांना सांगत होते, "हिला काही झालेलं नाही. हिला फक्त बाहेर पडायचं होतं."

निघताना मोरे गुरुजींनी विचारलं, "आता येणार ना पुन्हा?"

"दिवाळीनंतर," मी म्हटलं. "पुरा दिवस थांबू. दुर्बीण रात्रीसाठी ठेवू." मुलांनी ऐकलं. मी ते तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. गाडी ठणठणीत आहे हे मी सिद्ध केलं होतं, कागदानं, पत्र्यावरच्या थेंबानं, घाटानं. आता अडायला काय उरलं होतं?

पुन्हा खडकी

शनिवारच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. झडप, वाफ, दाब, कोरडा कागद, काटा. वर्गात शिकवायचे तसंच, पायरीपायरीनं. शिकवताना मुलांचे चेहरे उजळत जातात तसे समितीचेही उजळत गेले, आणि मला वाटलं, समजलं यांना.

लिमयांनी चष्मा काढला. "म्हणजे इंजिन उत्तम आहे?"

"उत्तम आहे."

"चालत्या स्थितीत?"

"घाट चढून आली."

"वा, बाई! हे फार मोठं काम केलंत आपण." ते शेजारच्या सदस्यांकडे वळले. "मांडव आणि केटरिंगवाले ते गृहस्थ, त्यांना फोन लावा. बंद गाडी नको म्हणाले होते. चालती मिळते आहे म्हणावं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गिऱ्हाईक आधीपासून होतं. त्याला फक्त गाडी धडधाकट असल्याची खात्री हवी होती, आणि ती मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं, स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या जबाबदारीवर मिळवून दिली होती. भंगारात गेली असती ती गाडी आता चांगल्या भावानं जाणार होती.

"आणि फेऱ्या?" मी विचारलं. "तुम्ही बघू म्हणाला होतात."

"बघू म्हटलं होतं, बाई. बघितलं."

बाकीचे मूग गिळून बसले होते. त्यांच्यात माझे तीन माजी विद्यार्थी होते. माझ्या विषयात तिघांनाही चांगले गुण होते.

दोन-चार दिवसांत गाडी गेली. आतलं सामान कपाटात भरलं, कपाटाला कुलूप लागलं. निळ्या अक्षरांवर पांढरा रंग मारला, तो इतका पातळ होता की अक्षरं अजून वाचता येतात. गाडी नव्या मालकाकडे पोचवायचं काम गुलाबरावांनाच सांगितलं, कारण त्यांना ती चांगली माहीत आहे. ते पोचवून आले, नव्या ड्रायव्हरला सांगून आले की उगाच चालू करून बंद करू नको, लांब ने, तापू दे. मग माझ्याकडे आले आणि विचारलं, "बाई, आपण गेलोच नसतो तर?"

"तर भंगारात गेली असती."

"म्हणजे गाडी तर वाचली," ते म्हणाले. त्यांना स्वतःची समजूत घालायची होती की माझी, ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी संस्थेच्या आवारात पाऊल टाकलेलं नाही, आणि टाकणारही नाही. मला त्या माणसांचं तोंड बघवत नाही.

एक काम मात्र उरलं होतं. मोरे गुरुजींना कळवायचं. चार दिवस टाळलं, शेवटी फोन केला. सगळं सांगितलं. मागून मुलांचा गलका ऐकू येत होता.

"असू द्या बाई," ते म्हणाले. "तुम्ही काय करणार? मुलं रोज विचारतात, त्यांना सांगतो गाडी बिघडली म्हणून. पोरांना पटतं ते."

"नाही," मी म्हटलं. "तसं सांगू नका, गुरुजी. गाडीला काही झालेलं नाही. त्यांना सांगा, गाडी चांगली होती, आणि आमच्या माणसांनी ती विकली."